मोरी पाहण्याचा कार्यक्रम

तीर्थरूप वामनराव मामाजींना सावलीहून भाचा धनराजचा वाकून रामराम.

मी इकडे खुशाल आहे (उजवा घोटा सोडून). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामीबाईंना सांगा, जवसाची चटणी संपली.

तर मामाजी, हल्ली महिन्याचा पाऊस एका दिवसात कोसळतो, आणि आमच्या खात्याच्या मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जायला बांधतात त्या, न्हाणीतल्या नव्हे) जुन्या पावसाच्या मापाच्या. पुढच्या पावसाला त्या पुरतील का, हे गावोगाव जाऊन पाहायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं. पहिलंच गाव तळ्यावर मासेमारी करणाऱ्या मनसारामभाऊंचं. आदल्या दिवशी झिंगू कोतवालाला निरोप दिला. त्याने इमानाने दवंडी पिटली, "उद्या सायेब मोरी पायाले येऊन राह्यले होऽ!" पण तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. खर्रा सांभाळून बोलणाऱ्याचा 'म' कुठला आणि 'प' कुठला! गावाने ऐकलं, साहेब पोरी पाहायला येतात.

सकाळी मी टेप घेऊन पोचलो तर मनसारामभाऊ कडक इस्त्रीत वेशीवर हजर. घरी सतरंजी, पोहे, वर तळलेले मासे. मला वाटलं, खात्याबद्दल लोकांना केवढा आदर! (नोकरीत नवा असल्यावर असं वाटतं.) खाता खाताच कामाला लागलो. विचारलं, किती वर्षांची? म्हणाले, वीस. पावसाळ्यात काही त्रास? म्हणाले, थोडी सर्दी. आधी कुणी पाहून गेलं? इथे ते ओशाळले. एक मास्तर येऊन गेला म्हणे. मग मी सहज विचारलं, तोंड केवढं आहे, आणि गाळ शेवटचा कधी काढला? मनसारामभाऊंच्या हातातली बशी खाली पडली.

तेवढ्यात आतून त्यांची मुलगी दामिनी खो खो हसत बाहेर आली. "बाबा, ते रस्त्याची मोरी पायाले आले, मले नाई!" सगळं घर माना खाली घालून बसलेलं आणि ही खांबाला धरून हसतेय. मामाजी, खरं सांगतो, मी तिथेच खलास झालो. मनसारामभाऊ मात्र पेटले. "माह्या पोरीचा गाळ इचारून राह्यला काऊन बे?" म्हणत वल्हं घेऊन मागे लागले. मी पळालो तो थेट मोरीत पडलो. त्यामुळे तिचं तोंड आयतंच मोजून झालं.

तुमचा आज्ञाधारक,
धनराज

ता. क. चामोर्शीच्या बाजारामुळे तुमचं नि मनसारामभाऊंचं चांगलं सूत आहे. तेव्हा गुडघा कसाही असो, मृगाच्या आत येऊन माझ्यासाठी शब्द टाका. दामिनीची हरकत नाही, असं तिने झिंगूकरवी कळवलंय (या वेळी त्याला आधी चूळ भरायला लावली).

आणखी एक ता. क. तो मास्तर मोरीच्या पलीकडे, दामिनीच्याच बाजूला राहतो. जोराचा पाऊस आला की रस्ता बंद. तो तिकडे, मी इकडे. म्हणून अहवालाच्या पानापानावर 'मोरी तातडीने मोठी करावी' असं लिहून ठेवलंय. साहेब सगळ्यांना सांगत सुटलेत, पोराला बदलत्या हवामानाची काय तळमळ आहे!