दुसऱ्या अपत्याचा रकाना

१२ फेब्रु. १९६७, बोईसर
रविवार. प्राप्तिकराची जुळवाजुळव. अणुवीज प्रकल्पाच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांचे फॉर्म मी भरतो, स्वतःचा मात्र शेवटच्या दिवशी. दिव्याखाली अंधार. यंदा आधीच ठरवलं: विम्याचा हप्ता मार्च संपायच्या आत भरायचा, म्हणजे तेवढी सूट. शिवाय दुसरं मूल, मुलांमागेही सूट असते. सौ.ला सातवा. सुईणीच्या मते एप्रिलअखेर. सौ.ला म्हटलं, एकतीस मार्चच्या आत आलं तर याच वर्षी धरता येईल.
"पोटातल्या पोराला पण ऑफिसची वेळ लावा."
दोघंही खूप हसलो.

५ मार्च
हप्ता भरला. पावती पेटीत. मंगल चार वर्षांची, रोज विचारते बाळ कुठल्या गाडीनं येणार.

२७ मार्च
काल पहाटे मुलगा. महिनाभर आधीच. अगदी एवढासा. सुईण, सातपाटीची बाय, म्हणाली, "ऊब द्या त्याला. बाकी देवाच्या हाती हाय." पेढे आणले नाहीत अजून.

२९ मार्च
गेला. सकाळी नऊला.
लवकर ये असं मीच म्हटलं होतं. चेष्टेत, पण म्हटलं होतं.

३ एप्रिल
कामावर. हेडक्लार्क साठे बाजूला घेऊन म्हणाले, "एकतीसच्या आत जन्मलं ना? मग लिहा. सूट बसेल बहुतेक." भला माणूस. तरी मारावंसं वाटलं. गेलेल्या पोरावर कर वाचवायचा? नाही लिहिणार.

८ एप्रिल
सौ.ला साठ्यांचं सांगितलं. वाटलं, रडेल. म्हणाली, "लिहा."
अगं, पैशासाठी...
"सूट गेली खड्ड्यात. कुठंतरी लिहिलेला राहू दे तो."
खरंच कुठंच नाही. बारसं बाराव्या दिवशी असतं, त्याआधीच गेला. नाव नाही, पत्रिका नाही, फोटो नाही. आणि फॉर्मात रकाना: अपत्याचे नाव. दुसऱ्या कुणी तो रिकामा ठेवला तर मी फॉर्म परत करतो, वर दोन शब्द सुनावतो.

११ एप्रिल
बाय सौ.ला शेकायला येते. तिच्याजवळ नावाच्या रकान्याचं बोललो.
"नाव नाय ठेवला म्हणून पोर नव्हता काय? मीच न्हाणला त्याला."
बाहेर जाऊन उभा राहिलो.

१४ एप्रिल
अपत्यांची संख्या: २. शाईनं लिहिलं. नियमात बसतं की नाही, साठ्यांनाही नक्की ठाऊक नाही. उद्या कुणी मागाहून विचारलं, मूल कुठाय, तर काय सांगू? मंगलचं नाव घातलं. खालची ओळ तशीच ठेवून फॉर्म सौ.पुढे धरला, म्हटलं, बघ, लिहिलंय.
तिनं रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. मग नाव सांगितलं. तिनं ठरवून ठेवलं होतं, मला कधी बोलली नव्हती. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच, हळूच.
दोन अक्षरं आहेत. इथंसुद्धा लिहवत नाहीत. फॉर्म उद्या बारापर्यंत द्यायचा आहे.