बाबांचा जादा ठोका

लॉरेल फोर्क, नॉर्थ कॅरोलिना
३ फेब्रुवारी १९७९

ती. ओव्हेलाताई हिस,
हार्लिसचा शि. सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण माझी रेकॉर्ड निघते आहे. हे वाक्य पुन्हा एकदा वाच, मी थांबतो.

रॅलेहून प्रुइट नावाची बाई मोटारीत ध्वनिमुद्रणाचं यंत्र घालून आली आणि आमच्या पुढच्या खोलीत ठाण मांडून बसली. फ्रिज बंद, भिंतीवरचं घड्याळ बंद, कोंबड्यांची रवानगी कोठारात. नोला म्हणते, तिला गप्प बसवणं इतक्या वर्षांच्या संसारात मला जमलं नाही, ते या बाईने एका सकाळीत करून दाखवलं.

रेकॉर्डवर दुसरं कुणी नाही. सगळं मी एकटा. आतड्याच्या तारांचा, बिनपडद्यांचा बँजो. त्यावरचं वासराचं कातडं मीच कमावलेलं. खुनाचं एक जुनं कवन, बिनसाथीचं. आणि चौकोनी-त्रिकोणी सूरचिन्हांच्या जुन्या पुस्तकातलं एक भजन, त्यातले चारही आवाज माझेच, एकावर एक चढवलेले. त्यातला बायकांचा आवाज ऐकून नोला उठून बाहेर गेली. हल्लीचे लोक या सगळ्या तऱ्हा एकाच वेगात बडवतात. प्रत्येक तऱ्हेची चाल वेगळी, बसणं वेगळं, नखाचा मार वेगळा, हे कुणाला तरी दाखवायलाच हवं होतं.

शेवटी बाबांचं ‘ओल्या लाकडाचा धूर’. बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा. त्यांचा हात मी पाहिला असेन, पण आठवत नाही. त्यांची ती एक तबकडी राहिली. तिच्यावरून मी फिडल शिकलो, कुणाचे पाय न धरता. माझ्यामागे ही चाल वाजवणारं कुणी नाही, म्हणून रेकॉर्डवर ती बाबांची म्हणून अगदी बिनचूक गेली पाहिजे. बाकी सगळं वाहून गेलं तरी चालेल.

रेकॉर्डच्या वेष्टनावर छापायचा मजकूर मीच लिहिला आहे, नक्कल सोबत जोडतो. दुसऱ्या चरणात बाबा एक ठोका जादा थांबतात ना, त्याची सगळी मीमांसा त्यात आहे. पहिल्या फेरीत ते थांबत नाहीत. ऐकणाऱ्याला आधी नीट बसू देतात. पुढच्या दोन्ही फेऱ्यांत थांबतात, आणि त्या थांब्यावर पत्र्याचा बारीक नाद येतो. म्हणजे पायाने ते डबा वाजवीत. मीही पायाशी एक डबा फळीला खिळवून घेतला आहे. असलं गणित आपण कुठे ऐकलं नाही, असं प्रुइट बाई म्हणाली. हे स्कॉटलंडहून आलेल्या आपल्या पूर्वजांचं देणं असावं, असं मी नमूद केलं आहे.

तबकडी झाली त्या दिवशी बाबा वाजवत असताना त्यांच्या फिडलच्या तारांवर विणायच्या सुयांनी ताल धरायला तू होतीस. महिना जून की जुलै, तेवढं खात्रीने कळव. छापील मजकुरात चूक राहिलेली मला खपत नाही.

लोभ आहेच, त्यात आता थोडा आदरही मिसळावा.

तुझा,
हार्लिस

*

डेटन, ओहायो
१२ फेब्रुवारी १९७९

चि. हार्लिस यास,
ताईचे अ. आ.

जुलै.

रेकॉर्डची बातमी वाचून ऊर भरून आला. क्लीट कारखान्यातून दमून आला होता. त्याला तुझा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला की मेव्हणा एवढा शिकला कधी, आम्हाला कसं कळलं नाही. चार आवाजांतला बायकांचा कोणता, तेवढं आधी कळव म्हणजे मी त्या वेळी स्वयंपाकघरात जाईन.

आता बाळा, खुर्चीत नीट बस.

बाबांच्या गालात तंबाखू असायची. एक चाल संपली की ते डब्यात थुंकायचे आणि मग दुसरी धरायचे. पण त्या दिवशी यंत्र घेऊन आलेल्या साहेबाने बजावलं होतं की तबकडी भरेपर्यंत हात थांबवायचा नाही. एवढा वेळ गाल भरलेला ठेवणं कुणाच्या बापाला जमेल? पहिल्या फेरीत त्यांनी कसाबसा दम धरला. दुसऱ्या फेरीत मान वळवली आणि डब्यात पिंक टाकली. तिसरीत पुन्हा. माझ्या सुया चालूच होत्या, म्हणून सगळं सावरलं गेलं. तुझं ते स्कॉटलंडचं देणं म्हणजे एवढंच रे. रोज ओसरीवर बाबा ही चाल सरळ वाजवायचे, घोडं पायवाटेने जावं तशी.

रागावू नकोस. घेवड्याच्या वाळवलेल्या शेंगा उरल्या असतील तर पाठव, इथल्या डब्यातल्या शेंगांना साबणाची चव असते.

माझी माया होती तशीच आहे, तुझ्या पूर्वजांपेक्षा जुनी.

ताई

*

लॉरेल फोर्क
१९ फेब्रुवारी १९७९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. शेंगा वेगळ्या पार्सलने पाठवल्या आहेत.

तू चौदा वर्षांची होतीस आणि तुझं लक्ष सुयांकडे होतं. मी ती तबकडी आयुष्यभर ऐकतो आहे. दोन्ही थांबे एकाच जागी, एकाच मापाचे. तंबाखूला इतका ताल नसतो. शिवाय शेतकऱ्यांच्या ग्रेंज हॉलमधल्या नाचात आपल्या खोऱ्यातली सगळी माणसं त्या जागी पाय उचलून थांबतात, ती काय पिंकेसाठी थांबतात? ओहायोत राहून माणसाचा कान बिघडतो, असं मी ऐकून होतो.

प्रुइट बाई मार्चच्या मध्यावर ही एकच चाल पुन्हा घ्यायला येणार आहे. मजकूर आहे तसाच छापायला जाईल.

लोभ आहे, सध्या थोडा आखडलेला आहे.

हार्लिस

*

डेटन
२६ फेब्रुवारी १९७९

चि. हार्लिस यास,
अ. आ.

शेंगा मिळाल्या. डुकराच्या चरबीत शिजवल्या, सोबत मक्याची भाकरी केली. क्लीटने तुझे सगळे अपराध माफ केले.

आता भांडत नाही. ताल म्हणशील तर बाबा शिंकायचेसुद्धा तालात. पण तुझा कान एवढा तयार आहे, तर एक कर. तबकडीवरचा तो पत्र्याचा नाद दोन्ही वेळा नीट ऐक. आजी सकाळीच डबा घासून पालथा घालायची, त्यामुळे पहिली पिंक कोऱ्या पत्र्यावर पडली. दुसरी पहिलीवर पडली. पायाने वाजवलेला डबा दोन्ही वेळा सारखाच वाजेल, नाही का?

एक मात्र खरं सांगते. तुझं ते मीमांसेचं पान वाचून मी आधी हसले, आणि मग भांडी घासताना वाईट वाटलं. मला बाबा चांगली चौदा वर्षं मिळाले. तुला मिळाली एक तबकडी. त्यातलं काही काढून घ्यावं असं माझ्या मनात नव्हतं. तुला हवं तसं वाजव, आणि हवं तेच छाप. मी कुणाजवळ बोलणार नाही. क्लीटचं मात्र सांगता येत नाही.

रागाचं पत्र आलं तरी चालेल, पण पत्र येत राहू दे.

ताई

*

लॉरेल फोर्क
२० मार्च १९७९

ती. ओव्हेलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पहिला नाद कोरडा आहे. दुसरा जड आहे. ग्रामोफोनच्या भोंग्याला कान लावून ऐकलं, मग नोलालाही ऐकवलं. तिने नाक मुरडलं, आणि हे इतकी वर्षं आपण जेवताना ऐकत होतो का, असं विचारलं.

पायाचा डबा मी उखडून टाकला. फळीवर खिळ्यांची भोकं राहिली आहेत, त्यांवर आता सतरंजी आहे.

मग शनिवारी ग्रेंज हॉलच्या नाचात मी कुणाला काही न सांगता ‘ओल्या लाकडाचा धूर’ सरळ वाजवली, घोडं पायवाटेने जावं तशी. बाबांच्या ओसरीवर वाजायची तशी. दुसऱ्या चरणात सगळा हॉल सवयीने पाय उचलून थांबला, आणि चाल त्यांना सोडून पुढे निघून गेली. पोस्टमास्तर बायकोच्या पायावर उतरले. मागची जोडी पुढच्या जोडीवर आली, आणि कडेचे चौघे थेट केकच्या टेबलाला जाऊन भिडले. नाच थांबला. म्हातारी ल्युला ब्लेव्हिन्स काठी आपटत माझ्यासमोर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली की तुझ्या बापाची इतकी चांगली चाल, रेकॉर्ड निघाली म्हणून आत्ताच बिघडवायला घेतलीस का. मी फिडल पेटीत घालून मागच्या दाराने सटकलो, असं नोला सगळ्यांना सांगत फिरते आहे.

दुसऱ्याच दिवशी प्रुइट बाई आली. तिला मी खरं काय ते सांगितलं. ती इतकी हसली की यंत्राची सुई हलली. मग दोन्ही तऱ्हांनी वाजवून बघ म्हणाली. सरळ दोनदा वाजवली. दोन्ही वेळा बिनचूक. खोट काढायला गेलो तर सापडेना. पण ऐकताना वाटलं की कुठल्यातरी चांगल्या वाजवणाऱ्याने वाजवली आहे. नंतर थांबून वाजवली. थांब्यावर हात आपोआप वर राहिला, आणि माझी मान उजवीकडे वळली. मी ती वळवली नव्हती. प्रुइट बाईने विचारलं की तिकडे काय आहे. मी म्हणालो, काही नाही.

रेकॉर्डवर तीच घेतली. डब्याशिवाय.

मजकूर बदलला. स्कॉटलंड काढलं, पूर्वज काढले, मीमांसा पानभर होती ती सगळी काढली. माझ्याकडून एवढं कापलं गेलं म्हणून प्रुइट बाई चकित झाली. आता या चालीखाली इतकंच छापलं जाईल: ‘वडिलांची चाल. ते ही सरळ वाजवीत, असं माझी बहीण सांगते आणि ते बरोबर आहे. मधला जादा ठोका त्यांच्या तंबाखूचा. मी तंबाखू खात नाही, पण त्यांचं आटपेपर्यंत थांबतो.’

यात एखादा शब्द चुकला असेल तर परतीच्या टपालाने कळव. अजून छापायला गेलेलं नाही. लोभ पूर्ववत झाला आहे, तुझ्याकडूनही व्हावा.

तुझा,
हार्लिस