आधी तुह्या बोलीत सांग

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी आता तुमचाच विषय शिकवते, नेरडीगोंड्याजवळच्या एका सरकारी शाळेत. हे ऐकून तुम्ही पोट धरून हसला असता, कारण गावाकडून भैंशाच्या शाळेत आठवीला आले तेव्हा इंग्रजीच्या तासाला माझी दातखीळच बसायची.

तो थंडीतला दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. शेजारच्या जिनिंग कारखान्यातला कापूस खिडकीतून उडत येऊन तुमच्या केसांवर बसलाय आणि तुम्ही मला इंग्रजीत विचारताय, काल काय केलं? प्रश्न कळलाय, पण उत्तराला शब्द नाहीत. मी आपली पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उभी. तुम्ही जवळ येऊन हळूच म्हणालात, “काऊन चूप वं? आधी तुह्या बोलीत सांग. इंग्रजीचं मी पाहून घेतो.”

“मायसंगं कापूस येचला,” मी पुटपुटले. वर्ग फिदीफिदी हसला. तुम्ही मात्र वर्गाकडे वळलात आणि मी काही मोठी बातमी आणल्याच्या थाटात, माझं नाव घेऊन, माझं वाक्य इंग्रजीत सांगितलंत. मग किती वेचला, हात खरचटले का, माय काय म्हणाली, असं एकेक विचारत गेलात. तास संपला तेव्हा फळ्यावर पाच वाक्यं होती आणि पाचही माझी होती. कुणाला मराठीतून, कुणाला तेलुगूतून, तुम्ही सगळ्यांनाच असं बोलतं केलंत. ती वाक्यं मी घरापर्यंत मोठ्याने म्हणत गेले. मायला वाटलं, पोरीला काही बाधलं की काय. त्या दिवसांची फार आठवण येते, सर.

मीही इतकी वर्षं तसंच शिकवत आले. पोरांनी आपल्या बोलीत सांगायचं, मी ते इंग्रजीत करून द्यायचं. गेल्या महिन्यात तपासणीला साहेब आले आणि मागच्या बाकावर बसले. घरी नवीन काय, असं मी इंग्रजीत विचारलं. एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी ताडकन उठली. “म्याडम, आमच्या म्हशीले वगार झाली!” घरात पारडू आलं म्हणून तिचा चेहरा नुसता फुलला होता. मी म्हणाले, “ओन्ली इंग्लिश. सिट डाऊन.” साहेबांनी मान डोलावली, शेराही चांगला दिला.

तेव्हापासून ती गप्प आहे. काल तिच्या बाकाशी वाकून मी विचारलं, “वगारीचं नाव काय ठेवलं वं?” ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “सॉरी, म्याडम.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे पत्र पाठवणार तरी कुठे? वहीतच राहील. साहेबांसमोर शिस्त दाखवावी लागते, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलंही. तुम्हाला तसं सांगता येत नाही. वगारीला इंग्रजीत काय म्हणतात, ते मला येत नव्हतं, सर.