हातोडी थांबली की

साहेब, मी त्या कागदावर सही केली नाही. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुमच्यासाठी एक ओळ लिहिली नाही. तुम्ही हजारदा बजावूनही मी तुम्हाला नावाने हाक मारली नव्हती, आताही मारणार नाही. राग आला तर येऊ द्या.

झालं असं. समुद्राचं पाणी गोडं करणारा आपला प्लांट, सौदीत दम्मामपासून तासाभरावरचा, अजून तसाच आहे. मीठ अडवणाऱ्या पडद्यांच्या आधी पाण्यातला क्लोरीन मारायचं औषध सोडणारा तो छोटा पंप तुम्हाला आठवत असेल. प्रत्येक ठोक्याला टक् करायचा. मंगळवारी सकाळी मी राउंडला गेलो आणि टक् ऐकू येईना. स्क्रीनवर सगळं हिरवं. मी कोणालाही न विचारता लाल बटण दाबलं आणि युनिट बंद केलं. चार तास खालच्या वस्तीला पाणी कमी दाबाने गेलं. मग कळलं की शिफ्ट बदलताना मेंटेनन्सवाल्यांनी नवा पंप जोडला होता, आणि तो मुळात आवाजच करत नाही. मला सांगायचं राहून गेलं. औषध व्यवस्थित सुटत होतं. म्हणजे मी चुकलो, साहेब. साफ चुकलो.

पण तुम्हाला माहीत आहे मी बटण का दाबलं. अठरा वर्षांपूर्वी, मला इथे येऊन जेमतेम दहा महिने झालेले असताना, हाच आवाज थांबला होता आणि स्क्रीन अशीच हिरवीगार होती. तेव्हा मी तीन फोन केले. आधी सुपरवायझरला, मग कंट्रोल रूमला, मग तुम्हाला. तुम्ही धावत आलात तोवर पाऊण तास गेला होता आणि क्लोरीनने पडद्यांची वाट लावली होती. रिपोर्टमध्ये तुम्ही दोष स्वतःवर घेतलात. नंतर मला केबिनमध्ये उभं करून म्हणालात, "काय करायचं ते तुला ठाऊक होतं. तू फोन करत होतास ते कुणाच्या तरी मागे उभं राहायला जागा शोधण्यासाठी. तुमच्या देशात विचारल्याशिवाय कोणी काही करतच नाही का?" मी मान डोलावून बाहेर पडलो. आज बोलतो. देशाचं काय काढता, साहेब? फोन मी केले होते, देशाने नव्हते केले. खिशात इथे राहायच्या परवान्याचा नवाकोरा इकामा, घरी बायकोला सातवा महिना, आणि ज्याच्या नावावर व्हिसा तो कफील नाराज झाला तर विमानात बसवतील ही भीती. तुमच्या खिशात तो लाल स्विस पासपोर्ट होता. माझ्या खिशासकट माझ्या जागी उभं राहून बघायचं होतंत.

तरी त्या शुक्रवारी तुम्ही आम्हाला जेवायला बोलावलंत, हेही लिहायला हवं. परदेशी साहेबांच्या कंपाउंडमधल्या तुमच्या त्या स्वयंपाकघरात तुम्ही बटाट्यांवर चीज वितळवून ओतताय. वास असा की माझी बायको दारातच थबकलीय. तिने डब्यातून ठेचा काढला, तुम्ही चमचाभर खाल्लात, डोळ्यांतून पाणी काढलंत आणि पुन्हा चमचा पुढे केलात. मग तुम्ही तुमच्या खोऱ्याबद्दल बोलायला लागलात ते पार संध्याकाळपर्यंत. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेचं, उंच डोंगरांमधलं ते कोरडं खोरं. बर्फ डोळ्यांसमोर, पण शेतात पाऊस नाही. म्हणून हिमनदीचं पाणी लाकडी पन्हळींतून आणायचं, कड्याला दोरांनी लटकून त्या पन्हळी ठोकायच्या, त्यात माणसं पडून मरायची. कोणत्या घराला किती तास पाणी, ते लाकडी काठ्यांवर त्या त्या घराच्या खुणेनिशी कोरलेलं. राय नावाच्या धान्याच्या पिठाची भाकर वर्षातून दोनदा गावाच्या भट्टीत भाजायची आणि पुढे कुऱ्हाडीसारख्या सुरीने तोडून खायची. "आमच्याकडे शिळी भाकरी दुसऱ्या दिवशी गाईला घालतात," बायको म्हणाली, आणि तुम्ही टेबल बडवून हसलात. उन्हाळ्यात गाई वरच्या कुरणात निघायच्या त्या दिवशी त्या एकमेकींशी टक्कर घेत, आणि जिंकणारी कळपाची राणी व्हायची. ते सांगताना तुम्ही सत्तरीला टेकलेले, आणि टेबलावर दोन्ही मुठींनी गाईंची झुंज दाखवताय.

आणि ती हातोडी. पन्हळीत एक छोटं पाणचक्र बसवलेलं, ते फिरलं की लाकडी हातोडी फळीवर आपटायची. जोवर ठकठक चालू तोवर पाणी वाहतंय. राखणदार त्या आवाजात गाढ झोपायचा आणि आवाज थांबला की ताडकन उठायचा, कारण पन्हळ फुटली असेल तर पाणी उतारावरची माती घेऊन खालची घरं गाडणार. वर जाऊन पाणी बंद करायला त्याला कोणाला विचारावं लागत नसे, ना सरपंचाला, ना पाद्र्याला. फक्त रविवारी चर्चमधून लोक बाहेर पडले की पायऱ्यांवर उभं राहून सांगायचं. राखणदार असलेल्या तुमच्या आजोबांनी एकदा असंच पाणी बंद केलं आणि निघालं काय, तर चक्रात नुसती फांदी अडकलेली. तीन घरांची पाळी बुडाली. त्या रविवारी ते पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "बंद मी केलं. गरज नव्हती. हातोडी थांबली की पुन्हा करीन." कोणी ओरडलं नाही. त्या तीन घरांना पुढच्या फेरीत आधी पाणी दिलं, बस. तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारा आपल्या गावाच्या फुशारक्या मारतोय आणि मला टोमणाही मारतोय. दोन्ही खरंच होतं म्हणा.

गुरुवारी मीटिंग झाली. मॅनेजर भोपाळचा, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, माणूस वाईट नाही. त्याने टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलेलं, की मी अधिकार नसताना युनिट बंद केलं आणि यापुढे लेखी परवानगीशिवाय कधीही बंद करणार नाही. "साइन कर दो सर, मामला खलास," तो म्हणाला. आदल्या दिवशी, असा कागद येणार हे कळल्यावर, घरी बायकोही तेच म्हणत होती. "अहो, पोरीचं बारावीचं वर्ष आहे. इकामा याच महिन्यात रिन्यू व्हायचाय. एका सहीने काय हात झडणार आहेत का?" आणि पोरगी खोलीतून ओरडली, "बाबा, जस्ट साइन इट ना!" त्या दोघींचं काही चुकत नव्हतं. पण मी कागदातलं पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं, आणि पेन परत दिलं. म्हटलं, चूक माझी, ती हवी तेवढ्या मोठ्या अक्षरांत लिहा, खाली सही करतो. पण पुन्हा आवाज थांबला तर मी पुन्हा बंद करीन, आणि परवानगी येईपर्यंत थांबणार नाही.

खोलीत एच.आर.चा तरुण सौदी अधिकारी होता. त्याने इंग्रजीत विचारलं, असं कुठे चालतं? मी हातोडीची सगळी हकीकत सांगितली, फांदी, तीन घरं, पायऱ्या, सगळं. तो पुढे सरकून ऐकत होता. म्हणाला, माझे आजोबा अल-हसाचे, त्यांच्या खजुराच्या बागेलाही पाण्याची पाळी असायची, त्यावरून भांडणं व्हायची. मग त्याने विचारलं, ही तुमची पद्धत कुठली? निर्णय महिनाअखेरीला कळवतो म्हणाले आहेत. नोकरी राहील की नाही, मला खरंच माहीत नाही, आणि बायको कालपासून माझ्याशी कामापुरतंच बोलतेय.

तुमच्या बहिणीचा पत्ता माझ्याकडे आहे, पण हे पत्र तिकडे पाठवणार नाही. कारण त्या अधिकाऱ्याला मी काय उत्तर दिलं ते तिला कोणी वाचून दाखवायला नको. मी म्हणालो, "माझ्या गावची." त्याने विचारलं, डोंगरात आहे का? म्हटलं, हो, बर्फही पडतं. मी नाशिक रोडचा आहे हे पक्कं ठाऊक असलेला मॅनेजर माझ्याकडे बघतच राहिला. तुमचं खोरं मी फोटोतसुद्धा धड पाहिलेलं नाही, साहेब. पण ते बोलताना मला एक क्षणही खोटं बोलतोय असं वाटलं नाही.