दोन बोटं जास्तीचं कापड

माय, मी आता नांदेडला घरी बसून ऑनलाइन स्पॅनिश शिकवते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "त्या मुलखात कोन हाय आपलं?" आज सकाळी एका विद्यार्थिनीनं विचारलं, कपडे शिवणाऱ्याला तीन-तीन शब्द कशाला? मी सांगितलं, सास्त्रे म्हणजे पुरुषांचे कोट-सूट बेतणारा. मोदिस्ता बायकांचे कपडे मापानं बेतून शिवते. आणि कोस्तुरेरा म्हणजे नुसती शिवणारी. बहुतेकदा दुसऱ्यानं कापलेलं जोडते, उसवलेलं नीट करते. बोलता बोलता तुझी मशीन आठवली आणि मी कॅमेरा बंद केला. नेट गेलंय म्हणून वेळ मारून नेली.

मुदखेडचं आपलं स्वयंपाकघर, खिडकीखाली तुझी मशीन. बाई मापाचं झंपर आणते, तू ते उलटं करून आतली शिलाई बघतेस, मग बाईकडे बघून म्हणतेस, "तब्येत सुधारली की वं!" प्रत्येक झंपराच्या आत तू दोन बोटं कापड जास्त सोडायचीस. "बाईचं अंग हाय, एका मापात थोडंच ऱ्हातंय?" बेतायचीस तूच, कापायचीस तूच. तरी स्टेशनाजवळ पँटी शिवणाऱ्याला सगळे मास्टर म्हणत आणि तुला शिवणारी. "सुई तर एकच हाय. मग त्यो मास्टर कामून?" तू हसून विचारायचीस, पण विचारायचीस खरी.

अकरावीच्या प्रवेशाला आपण लातूरला गेलो. अर्जात आईच्या व्यवसायाचा रकाना होता. तू वाकून हळूच म्हणालीस, "टेलर लिही." माझ्या पुढे एका डॉक्टरीणबाईंची मुलगी उभी होती. मी 'गृहिणी' लिहिलं. तुला वाचता येतं हे काही मी विसरले नव्हते. परतताना एसटीत अहमदपूर मागे पडलं. मग म्हणालीस, "घरात तर समद्याच असतेत, बाई." आणि पिशवीतून शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्यास. त्यापेक्षा एक रट्टा दिला असतास तर बरं झालं असतं.

क्लास संपल्यावर मी तुझ्या हातचं मोरपंखी झंपर काढलं, पहिल्या नोकरीला शिवून दिलेलं. दंडात होत नाही. दोन बोटं आत तशीच आहेत, पण मला धड उसवताही येत नाही, तुझीच लेक! कोपऱ्यावरच्या टेलरकडे नेलं. त्यानं ते उलटं केलं, आतली शिलाई बघितली, अगदी तुझ्यासारखी. "कटिंग लई साफ हाय, मॅडम. कोन्या मास्टरचं?"

"ओळखीच्या एक बाई होत्या," मी म्हणाले.

माय, तुझी फार आठवण येते, आणि तरी हे असं. झंपर मंगळवारी मिळेल. तोवर हे पत्र कपाटात त्याच्या जागी ठेवते. त्या टेलरला सांगायचंय ते एवढंसं वाक्य आहे, हे माझ्या आईनं शिवलंय. दुपारपासून स्पॅनिशमध्ये चारदा म्हणून बघितलं, सहज येतं. मराठीत अजून एकदाही तोंडातून निघालेलं नाही.