मशीनमधल्या अक्षता

महाड,
कार्तिक वद्य तृतीया, शुक्रवार

चि. सौ. वैदेही हीस,

सासूचे भरभरून आशीर्वाद. देवाच्या कृपेने इकडे आम्ही दोघंही बरी आहोत. तुझी कंबर आता कशी आहे आणि माझा गंधार ऑफिसातून डबा रिकामा आणतो की तसाच परत आणतो, ते आधी कळव.

तुझं पार्सल बुधवारी एस.टी.ने आलं. आतल्या जिनसा मोजून घेतल्या त्या अशा: कॉफीचं मशीन आतून धुवायच्या गोळ्यांची डबी एक, रु. ६८० (किमतीची चिठ्ठी तू काढायला विसरलीस). क्षार काढायच्या पावडरीच्या पुड्या चार, रु. ५२०, बारीक ब्रश एक, रु. २४० (असाच ब्रश इथे दात घासायचा म्हणून वीस रुपयांना मिळतो). आणि कॉफीच्या बियांचं एक पाकीट, ज्याच्यावरची किंमत तू खरवडून काढली आहेस, म्हणजे ती मला सोसणारी नसणार हे मी ओळखलं. स्टँडवरून घरी आणायला रिक्षा रु. ४०. आजवर एवढा खर्च मी फक्त देवाच्या चांदीच्या भांड्यांवर केला आहे, आणि तीसुद्धा रांगोळी नि लिंबाने लख्ख निघतात.

हे सगळं फोनवर का सांगितलं नाही, असं तू म्हणशील. अगं, घरात फोन एकच, आणि तो ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात. तुझा फोन आला की हे तो टेबलावर ठेवून आवाज मोठा करतात. मग मी काय बोलणार, कपडे वाळले, वांगी महाग झाली, एवढंच. परवा गंधार म्हणाला की मशीन सारखं बिघडतंय, तर येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी तो दुकानातला माणूसच घेऊन येतो; तो हे मशीन घेऊन जाईल आणि त्याच्या जागी स्वतःचं स्वतः धुणारं नवीन बसवून देईल. हे समोरच बसले होते. मी “बरं” म्हटलं. त्या “बरं”बद्दल हे पत्र आहे.

मशीनचा त्रास आहे, ह्यात खोटं काही नाही. गणपतीत तुम्ही ते इथे ठेवून गेलात तेव्हा मला वाटलं मिक्सरसारखं असेल, वापरलं नि फडक्याने पुसलं. पण ह्याचं रोजचं करणं बाळंतिणीच्या वर आहे. दांड्याच्या गाळणीतला चोथा काढा (तो मी टाकत नाही, अबोलीला घालते, अबोली फोफावली आहे), खालचं ताट धुवा, दुधाची नळी दूध तापवल्याबरोबर पुसा, नाहीतर तिच्यात दूध सुकतं आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. शिवाय महिन्यातून एकदा सगळं खोलून साफ करा, असं पुस्तकात लिहिलं आहे. ते पुस्तक नऊ भाषांत आहे आणि त्यात मराठी नाही. मी मॅट्रिकच्या इंग्रजीवर दोन दुपारी बसून वाचलं. महिन्याची तारीख ध्यानात राहत नाही म्हणून मी संकष्टी धरली. त्या दिवशी चंद्रोदयापर्यंत तसाही वेळ असतो. धुणंभांडी करायला जनी येते, ती वरंधकडची. तिने एक दिवस माझी ही सगळी खटपट बघितली आणि म्हणाली, “काकू, येवढी रोज धुयाची-पुसायची हाय तर म्हस घ्यायची व्हतीत. दूध तरी दिलान असतान.” मी दुधाची नळी पुसत राहिले.

आता एक चूक कबूल करते. आपल्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर भांड्यांना बसतो तसा मशीनच्या आतही बसतो. गणपतीत मशीनबरोबर तू ठेवलेली पावडरीची एकच पुडी संपली, आणि नव्या पुडीचे एकशेतीस रुपये हा विचार मला झोपू देईना. पुस्तकात लिहिलं होतं की पावडर आंबट असते. मी म्हटलं, आंबट ते आंबट, आणि कपाटात कोकमाचं आगळ होतं ते पाण्यात घालून मशीनमध्ये ओतलं. थर गेला असेल नसेल, देव जाणे, पण आगळात मीठ असतं हे मी, जन्मभर सोलकढी करणारी बाई, विसरले. पुढे चार दिवस कॉफी किंचित गुलाबी आणि खारट आली. मी एक घोट घेऊन ठेवून दिली. ह्यांनी मात्र चारही दिवस पेला रिकामा करून मोरीत ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मी तो रिकामा पेला विसळताना रडले. कॉफीसाठी नव्हे.

तू आमच्या घरात आलीस ती पुराच्या नंतर, त्यामुळे आधीचे तुझे सासरे तुला माहीत नाहीत. बाजारपेठेत ह्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, सहा फूट बाय आठ फूट. एका डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसायचे आणि गिऱ्हाइकाशी वाद घालायचे. वाद म्हणजे कसा, तर एकाने घड्याळ पुढे जातं अशी तक्रार आणली, तर ह्यांनी त्यालाच विचारलं की तुम्ही एवढे मागे का. घरी आले की तेच सगळं मला परत ऐकवायचे, मी भाकऱ्या थापता थापता हसायची. त्या जुलैत सावित्रीचं पाणी दुकानाच्या पत्र्यापर्यंत चढलं. लोकांची दुरुस्तीला आलेली एकशे दोन घड्याळं चिखलात गेली. ह्यांनी प्रत्येक धुतलं, एकही चाललं नाही. मग पिशवीत घालून घरोघर नेऊन परत दिली, दासगावपर्यंत चालत गेले, प्रत्येक दारात माफी मागितली. रागावलं कुणीच नाही. एखादा रागावला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. तेव्हाच हत्यारांचा पत्र्याचा डबा माळ्यावर गेला. (मी अधूनमधून उतरवून चिमटे, पेचकस पुसते, तेलाचं बोट लावते आणि परत वर ठेवते. हे ह्यांना ठाऊक नाही.) आणि तेव्हापासून ह्यांचं बोलणं म्हणजे हो, नको, झालं.

आता दसऱ्याचं ऐक. पूर्वी त्या दिवशी दुकानातली हत्यारं पुजायचो. ह्या वर्षी मला वाटलं, पाटावर काहीतरी यंत्र मांडावं, आणि घरात नवं यंत्र ते एकच. मी मशीन धुऊन पुसून पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं आणि डोळे मिटून अक्षता वाहिल्या. बिया घालायच्या वरच्या भांड्याचं झाकण मी धुऊन उन्हात ठेवलं होतं, हे डोळे मिटल्यावर कुठलं लक्षात राहतं. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर मशीन घरघरलं, कण्हलं आणि गप्प झालं. जे काही आलं ते कॉफी नव्हती, तांदळाच्या पेजेसारखं काहीतरी होतं, तेही कुंकवाने लाल. मी देवाचं नाव घेत उभी राहिले. तर हे आतून आले. मशीनला कान लावला. म्हणाले, “दगड नाही. मऊ काहीतरी आहे.” आणि मग, वैदेही, माळ्याकडे बघून म्हणाले, “शिडी कुठंय गं?”

चार दिवस ओटा माझा नव्हता. वर्तमानपत्रावर मशीनचे स्क्रू ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली पेन्सिलीने नंबर. डोळ्याला भिंग. दळायच्या चक्रीच्या दातांतून एकेक अक्षत चिमट्याने काढायचे आणि वाटीत टाकायचे. मला विचारलं, “पुस्तकात ह्या स्प्रिंगला काय म्हटलंय, वाच.” मी चुकीचं वाचलं तर म्हणाले, “मॅट्रिकला कॉपी केली होतीस का?” मी मुद्दाम दोनदा आणखी चुकीचं वाचलं. जनीलासुद्धा बसवून चक्री कशी फिरते ते सांगितलं, आणि जनी म्हणाली, “काका, म्हशीस येवढं सामान नसतं.” त्यावर हे हसले. हसण्याचा आवाज पूर्वी होता तसाच आहे.

मग मशीन सुरू झालं. फार उत्तम चालू लागलं, आधीपेक्षा उत्तम. आणि चांगल्या मशीनला कुणी हात लावत नाही. डबा परत माळ्यावर गेला. चार आठवडे हो, नको, झालं.

तुळशीच्या लग्नानंतर मशीन परत अडकलं. लग्नाच्या अक्षता उडाल्या असतील, असं मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी शिडी आणली. सध्या ओट्यावर परत वर्तमानपत्र पसरलेलं आहे आणि मी स्वयंपाक मोरीपाशी बसून करते. तर एकंदरीत मशीन त्रासाचं, खर्चाचं आणि जागा अडवणारं आहे, हे गंधारचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. जपून राहा, कंबरेला शेक घे. गंधारला अनेक आशीर्वाद.

तुझी सासू,
प्रमोदिनी

ता. क. दुकानातल्या माणसाला आणू नका. नवीन मशीनही नको. स्वतःचं स्वतः धुणारं मशीन ह्या घरात आलं तर त्याच्यापाशी कुणी काय करायचं? गंधारला कारण काय सांगायचं ते तू ठरव, तू शिकलेली आहेस.

आणखी ता. क. तुळशीचं लग्न अंगणात झालं आणि मशीन स्वयंपाकघरात आहे. अक्षता एवढ्या लांब उडत नाहीत. त्या मी दुसऱ्या दिवशी सकाळी, हे अंघोळीला गेल्यावर, मोजून एकवीस घातल्या. देवापुढे हे सांगून झालं आहे, माणसांत फक्त तुला सांगते. पाप असलं तर माझ्या एकटीच्या नावावर.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी हेही लिहिते. काल ह्यांनी मला वाटी दाखवली, तिच्यात अकरा अक्षता. म्हणाले, “अजून आत असणार. सोमवारी परत सगळं उघडावं लागेल, आणि मग दुधाची नळीही बघतो.” मी बरं म्हटलं. आज दुपारी ओटा पुसायला त्यांचा डबा उचलला, तर चिमट्याखाली कागदाची घडी, आणि घडीत दहा. बेरीज मला येते. घडी होती तशी घालून, होती तिथे ठेवली. तेव्हा त्या रविवारच्या आत मला उलट टपाली कार्ड टाक. पोस्टमनकडून टपाल हे घेतात आणि कार्ड उभ्या उभ्या वाचून काढतात, म्हणून मशीनचं नाव काढू नकोस. “पाहुणे येत नाहीत” एवढंच लिही.