नवसाबाईंचा मास्क, पूर्णांकात

सोमवार, ६ फेब्रुवारी २००६
कळवणच्या नवसाबाईंच्या मेंदूतली गाठ चार दिवस बसून माउसने रेखाटली. याला मास्क म्हणतात: गाठ असेल तिथे एक, नसेल तिथे शून्य. शुक्रवारी मुंबईत ऑपरेशन. सर्जनच्या मशीनला हा नकाशा पूर्णांकात हवा, माझी फाइल दशांशात आहे. पाच मिनिटांचं काम. उद्या करू, आज डोळे दुखतात.

मंगळवार, ७. सकाळी ६.५०
फाइल बदलली, सीडी केली, नाशिकरोड स्टेशनवर पंचवटी एक्सप्रेसचा पासवाला धनराज, त्याच्याकडे दिली. आमच्या स्कॅन सेंटरच्या सगळ्या सीड्या तोच मुंबईला नेतो. उघडून तपासली नाही. पंधरा वर्षं हेच करतोय.
संध्याकाळी सर्जनचा फोन. मास्क रिकामा म्हणे, नुसती शून्यं. मशीन त्यांचं बिघडलंय, पण मोठ्या माणसांना सांगणार कोण?

बुधवार, ८
त्याच फाइलची दुसरी सीडी पाठवली. पुन्हा रिकामी म्हणे. माझ्या पीसीवर तर गाठ ठणठणीत दिसते. ललिता (ज्युनियर, सहा महिने झाले) म्हणाली, सर, तुम्ही जुनी दशांशाचीच फाइल उघडून बघताय. शिवाय त्यात एकाऐवजी ०.९९९९ पडलंय, पूर्णांक करताना प्रोग्राम पुढचं छाटतो, उरतं शून्य. आधी राउंड करा, म्हणजे ०.९९९९ चा जवळचा पूर्णांक, एक, होईल.
मेडिकल डेटात 'जवळपास' चालत नाही, हे तिला स्पष्ट सांगितलं. शिकेल हळूहळू.
नवसाबाईंच्या मुलाचा, वाळूचा, हॉस्पिटलातून फोन. नकाशा नाय आला तर तारीख पुढं जाईल म्हणत्यात, आईला आता नीट दिसत बी नाय. म्हटलं, निश्चिंत राहा.

गुरुवार, ९
तिसरी सीडी दिली. धनराज म्हणाला, आज दोन-दोन? म्हटलं, एकच आहे. याला मोजताही येत नाही.
सर्जनचा फोन नाही. मशीन दुरुस्त केलं असणार.

शुक्रवार, १०
तरी खात्री नको? दिवसभर सॉफ्टवेअर नव्याने इन्स्टॉल केलं. चौथी सीडी तयार. ऑपरेशन पुढे गेलं असेल तर सोमवारी कामाला येईल.

सोमवार, १३
वाळू जुन्या फिल्म न्यायला आला. ऑपरेशन शुक्रवारीच झालं. आईनं मला वळखलं, म्हणाला, आणि ललिताच्या पायाच पडायला लागला; सर्जनने त्याला तिचं नाव सांगितलं होतं. तिने बुधवारीच राउंड करून ठेवलं होतं, गुरुवारी माझ्या आधी नाशिकरोड गाठून आपली सीडी धनराजकडे दिली. ती म्हणाली, रेखाटलं सरांनीच, मी फक्त राउंड केलं. वाळूने माझ्याकडे बघून विचारलं, साहेब, तुमी बी इथंच असता का? हो म्हटलं.
जेवणानंतर चौथी सीडी उघडून पाहिली. पहिल्यांदाच. वरपासून खालपर्यंत शून्यं. म्हणजे माझ्यावर राहिलं असतं तर बाईंची तारीख गेली होती. याची लाज वाटायला हवी. वाटते का ते पाहिलं. काहीच वाटलं नाही.